डॉक्टर रखमाबाई : कोर्टापासून दवाखान्यापर्यंत

रखमाबाईंचे नाव काढले की, ज्यांना ते ठाऊक असते त्यांच्या डोळ्यांपुढे एक कोर्ट उभे राहते. नवऱ्याकडे नांदावयास न जाणारी तरुण बायको, इंग्रज न्यायाधीश, वर्तमानपत्रांतील गदारोळ आणि तुरुंगाची शिक्षा. हे सर्व घडले यात शंका नाही. पण तो खटला चालला चार वर्षे, आणि त्यानंतर रखमाबाईंनी बायकांचे डॉक्टर म्हणून काम केले ते सुमारे पस्तीस वर्षे. चार वर्षांची कथा सर्वांच्या तोंडी राहिली आणि पस्तीस वर्षांची मागे पडली, हे मला नेहमी अन्यायाचे वाटत आले आहे. म्हणून स्मरणिकेसाठी चरित्र लिहिण्याचे काम माझ्याकडे आले तेव्हा मी हेच चरित्र निवडले. वाचक भगिनींनी खटल्याचा भाग वाचून पुस्तिका मिटू नये, एवढीच विनंती.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईस झाला. वडिलांचे नाव जनार्दन पांडुरंग, आईचे जयंतीबाई. जयंतीबाईंचे लग्न चौदाव्या वर्षी झाले, पंधराव्या वर्षी रखमाबाई झाल्या आणि सतराव्या वर्षी जयंतीबाईंचे कुंकू पुसले गेले. त्या काळच्या किती तरी मुलींची हीच कहाणी होती. परंतु हे कुटुंब सुतार ज्ञातीचे, आणि त्या ज्ञातीत विधवेच्या पुनर्विवाहाला मज्जाव नव्हता. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरा विवाह केला. हे डॉक्टर विधुर होते. विवाहापूर्वी जयंतीबाईंनी पहिल्या नवऱ्याकडून आलेली मालमत्ता मुलीच्या नावे करून दिली. १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्याने विधवेला पुन्हा लग्न करण्याची मुभा दिली खरी, पण तसे करताच पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क जात असे. जयंतीबाईंनी ती मिळकत वेळीच लेकीला दिली, हे शहाणपणाचे झाले. पण त्याच मिळकतीने पुढे लेकीच्या संसारात विष कालवले, असे मानावयास जागा आहे.

डॉ. सखाराम अर्जुन हे सावत्र वडील, पण रखमाबाईंना खरे घडविले ते त्यांनीच. ते ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवीत. मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली निघाली, तिच्या आठ संस्थापकांत हिंदी माणसे दोनच होती : डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. घरात पुस्तके होती, औषधी वनस्पतींचे नमुने होते, नाना जातींच्या आणि धर्मांच्या विद्वानांची ये-जा होती. अशा घरात मुलीला शिकावेसे वाटले नसते तरच नवल.

आणि तरीही तिचे लग्न अकराव्या वर्षी झालेच! एवढा सुधारलेला बाप, पण रूढीपुढे त्याचेही चालले नाही. आपण सुधारकांची चरित्रे वाचतो तेव्हा अशा गाठी वारंवार आढळतात. १८७६ मध्ये लग्न झाले. वर दादाजी भिकाजी, वय एकोणीस-वीस, डॉक्टरांच्याच नात्यातला. घरची गरिबी, म्हणून त्याने घरजावई होऊन राहावे, शाळेत जावे आणि चांगला माणूस व्हावे असे ठरले होते. यांतले काहीच घडले नाही. अभ्यासात त्याचे मन रमेना. थोड्याच दिवसांत तो आपल्या मामांच्या घरी राहावयास गेला आणि तेथेच राहिला. शिक्षण थांबले, कर्ज झाले, प्रकृतीही ढासळली.

मुलगी वयात आली की लागलीच गर्भाधान व्हावयाचे, अशी तेव्हाची चाल होती. डॉ. सखाराम अर्जुन स्वतः वैद्य असल्याने कोवळ्या वयातील बाळंतपणाचे परिणाम त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. या बाबतीत मात्र ते ठाम राहिले, आणि त्यांनी मुलीला सासरी धाडले नाही. रखमाबाई माहेरीच राहिल्या. शाळा सुटली होती, पण फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून त्या घरी वाचीत आणि इंग्रजी शिकत. एका बाजूने मन वाढत चालले, दुसऱ्या बाजूने मामाच्या घरातला तो अपरिचित नवरा. एका दिवसासाठीही त्या दोघांचा संसार झाला नव्हता, हे लक्षात ठेवावयास हवे. कारण पुढचा सारा वाद याच मुद्द्यावर फिरला.

१८८४ च्या मार्चमध्ये दादाजीने वकिलामार्फत पत्र धाडून बायकोला नांदावयास पाठवा असे कळविले. रखमाबाई त्या वेळी एकोणीस वर्षांच्या होत्या. त्यांनी जाण्यास नकार दिला. तेव्हा दादाजीने मुंबईच्या हायकोर्टात फिर्याद लावली. बायकोच्या नावावरील मिळकतीवर त्याचा व मामांचा डोळा असल्याचे रखमाबाईंच्या बाजूने सांगण्यात आले. दादाजीने ते नाकारले. खरेखोटे काही असो, बायको आपल्या हक्काची वस्तू आहे आणि सरकारने ती हवाली करावी, असा फिर्यादीचा एकंदर सूर होता.

येथे कायद्याचा थोडा उलगडा करणे भाग आहे. नांदावयास पाठविण्याचा हा दावा आपल्या धर्मशास्त्रातला नव्हता. तो विलायतेच्या चर्चच्या कायद्यातून आला होता, आणि इंग्रज सरकारबरोबर आपल्या कोर्टांत शिरला होता. एकत्र नांदत असलेल्या नवराबायकोंपैकी एकजण सोडून गेले तर त्यास परत आणणे, हा त्याचा मूळ हेतू. कोर्टाचा हुकूम न मानल्यास तुरुंग. गंमत अशी की, खुद्द विलायतेत या हुकुमासाठी तुरुंगात टाकण्याची तरतूद १८८४ सालीच रद्द झाली होती. तेथल्या बायका त्यातून सुटल्या त्याच वर्षी येथे एका मुलीवर तोच दावा गुदरला गेला.

खटला चालू असतानाच १६ एप्रिल १८८५ रोजी डॉ. सखाराम अर्जुन वारले. घरातला आधारच गेला. त्यानंतर दोन महिन्यांनी, २६ जून १८८५ रोजी, ‘टाइम्स ऑफ इंडिया’त एका हिंदू स्त्रीचे म्हणून एक पत्र छापून आले. नाव दिलेले नव्हते. विषय बालविवाह. मुलाचे लग्न झाले तरी त्याची शाळा चालू राहते, मुलीचे झाले की तिचे शिकणे, खेळणे आणि विचार करणे सगळेच संपते, हे त्यात कळकळीने मांडलेले होते. १९ सप्टेंबरला दुसरे पत्र आले, ते सक्तीच्या वैधव्यावर. ही पत्रे रखमाबाईंचीच होती. वीस वर्षांच्या, शाळा सुटलेल्या मुलीने इंग्रजीत लिहिलेली ती पत्रे वाचून मुंबईतील मोठमोठी माणसे चकित झाली.

दुसऱ्या पत्रानंतर दोनच दिवसांनी, २१ सप्टेंबर १८८५ रोजी, न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल दिला. जे दोघे कधी एकत्र नांदलेच नाहीत त्यांना पुन्हा एकत्र आणण्याचा प्रश्न उद्भवत नाही, आणि लहानपणी लग्न झालेल्या मुलीला तिच्या मनाविरुद्ध अशा माणसाच्या स्वाधीन करणे हे रानटीपणाचे होईल, असे त्यांचे मत पडले. फिर्याद फेटाळली गेली. रखमाबाई जिंकल्या.

आणि एकच काहूर उठले. धर्म बुडाला, उद्या घरोघरच्या बायका नवऱ्यांना सोडून जातील, अशी ओरड झाली. विश्वनाथ नारायण मंडलिकांच्या ‘नेटिव्ह ओपिनियन’ने विरोध केला, लोकमान्य टिळकांनीही विरोधात लिहिले. परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये, असे या मंडळींचे म्हणणे. त्यात राष्ट्राभिमान होता हे मी नाकारीत नाही. पण ज्या कायद्याच्या जोरावर दादाजी बायको मागत होता तो कायदाच परक्यांचा होता, हे त्यांच्या ध्यानात कसे आले नाही, याचे राहून राहून आश्चर्य वाटते. दुसऱ्या बाजूला बेहरामजी मलबारी यांच्यासारखे सुधारक उभे राहिले आणि रखमाबाईंच्या बचावासाठी कमिटी निघाली. काशिनाथ त्र्यंबक तेलंगांसारखे विद्वान वकील त्यांच्या बाजूने कोर्टात उभे होते. याच तेलंगांनी पुढे स्वतःच्या मुलीचे लग्न मात्र बालवयातच लावून दिले. घरातले पुढे टाकलेले पाऊल हे व्यासपीठावरच्या पावलापेक्षा किती जड असते पहा!

दादाजीने अपील केले. १८८६ मध्ये सरन्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्हे यांचा निकाल फिरवून खटला पुन्हा चालविण्यास सांगितले. तो न्यायमूर्ती फॅरन यांच्यापुढे आला. ४ मार्च १८८७ रोजी त्यांनी हुकूम केला की रखमाबाईंनी एक महिन्याच्या आत नवऱ्याच्या घरी जावे, नाहीतर सहा महिने तुरुंग भोगावा.

रखमाबाईंनी तुरुंग पत्करला. नवऱ्याकडे जाण्यापेक्षा कोर्ट देईल ती जास्तीत जास्त शिक्षा भोगीन, असे त्यांनी साफ कळविले. बावीस वर्षांची मुलगी, वडील नाहीत, निम्मा समाज शिव्या देतो आहे, आणि तुरुंग म्हणजे चोराचिलटांच्या बायकांची संगत. आपण स्वतःला त्या जागी कल्पून पाहिले तर या उत्तराची किंमत कळेल.

याच आठवड्यात पुण्यात दुसरी एक घटना घडली होती. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी डॉ. आनंदीबाई जोशी क्षयाने वारल्या. रखमाबाईंहून त्या अवघ्या चार महिन्यांनी लहान. त्यांचे लग्न नवव्या वर्षी झाले. चौदाव्या वर्षी मूल झाले, आणि दहा दिवसांत ते गेले. अमेरिकेस जाऊन त्या डॉक्टर झाल्या, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात त्यांची नेमणूकही झाली, पण काम हाती घेण्याआधीच देह पडला. एका आठवड्याच्या आत महाराष्ट्राने एक स्त्री-डॉक्टर गमावली आणि दुसरी होणार होती तिला तुरुंगाची शिक्षा सांगितली. त्या वेळी अर्थातच हे कोणास ठाऊक नव्हते, कदाचित रखमाबाईंनासुद्धा नसेल.

खटल्याचा गाजावाजा विलायतेपर्यंत गेला. मॅक्स म्यूलर यांच्यासारख्या संस्कृत पंडितांनी रखमाबाईंची बाजू घेऊन लिहिले. लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये ९ एप्रिल १८८७ ला रखमाबाईंचेही पत्र आले. पंडिता रमाबाईंनी आपल्या ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ या पुस्तकात याच वर्षी हे प्रकरण अमेरिकन वाचकांपुढे मांडले. (त्याच रमाबाईंचे केडगाव आपल्या जेऊर स्टेशनावरून पुण्याकडे जाताना दौंडच्या पुढे लागते. किती तरी जणींनी ती पाटी गाडीतून वाचली असेल.) महाराणी व्हिक्टोरियाने मध्ये पडून विवाह रद्द केला अशी हकीकत अनेक ठिकाणी छापलेली आढळते. पण खटला मिटला तो तडजोडीने. जुलै १८८८ मध्ये दादाजीने दोन हजार रुपये घेऊन हुकूम बजावण्याचा हक्क सोडला. राणीची कथा ऐकावयास गोड आहे, परंतु दोन हजार रुपयांची गोष्ट त्या काळाबद्दल अधिक सांगून जाते. दादाजीने दुसरे लग्न केले. रखमाबाई तुरुंगात गेल्या नाहीत, आणि नवऱ्याच्या घरीही नाहीत.

खटल्याचा भाग येथे संपला. आता त्या मोकळ्या झाल्या, पण कशासाठी? स्वस्थ बसण्याइतकी मिळकत त्यांच्याजवळ होती. बसल्या असत्या तर विरोधकांचे म्हणणेच खरे ठरले असते, की बाईला केवळ नवरा नको होता.

मुंबईस तेव्हा कामा हॉस्पिटल नव्याने सुरू झाले होते. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून १८८६ साली उघडलेले हे रुग्णालय केवळ बायका-मुलांसाठी, आणि तेथे डॉक्टरही बायकाच. त्याच्या प्रमुख डॉ. एडिथ पीची. एडिंबरो येथे वैद्यकी शिकण्याचा हट्ट धरून ज्या सात तरुणींनी विद्यापीठाशी झुंज घेतली, त्यांतल्या त्या एक. पीचीबाईंनी रखमाबाईंना ओळखले, धीर दिला, आणि वैद्यकी शिकावयास विलायतेस जाण्याचे सुचवून त्यासाठी पैसाही गोळा केला. इंदूरचे शिवाजीराव होळकर यांनी पाचशे रुपये दिले. १८८९ मध्ये रखमाबाई लंडनला गेल्या. तेथे एव्हा व वॉल्टर मॅक्लॅरन या दांपत्याचा त्यांना मोठा आधार मिळाला.

लंडनची स्त्रियांची वैद्यकीय शाळा १८७४ साली निघालेली होती. तेथे शिकावयाचे, रॉयल फ्री हॉस्पिटलात रोगी पाहावयाचे, आणि परीक्षा मात्र अन्यत्र द्यावयाची, कारण शाळा स्वतः पदवी देत नसे. रखमाबाईंनी स्कॉटलंडच्या वैद्यकीय संस्थांची परवाना-परीक्षा दिली, आणि १८९४ साली ब्रुसेल्स विद्यापीठाची एम. डी. ही पदवी मिळविली. लग्नामुळे जिची शाळा सुटली होती ती मुलगी तिशीला टेकताना एम. डी. होऊन परतली.

त्या विलायतेत असतानाच इकडे आणखी एक गोष्ट झाली. १८९० मध्ये कलकत्त्यास फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने मेली. रखमाबाईंच्या खटल्याने तापलेले वातावरण या मृत्यूने पेटले, आणि १८९१ साली संमतिवयाचा कायदा होऊन दहाची मर्यादा बारावर गेली. बारा! आज हा आकडा वाचताना अंगावर काटा येतो, पण तेव्हा एवढ्यासाठीही महाराष्ट्रात सभा उधळल्या गेल्या होत्या.

परतल्यावर काही महिने कामा हॉस्पिटलात काढून रखमाबाई १८९५ मध्ये सुरतेस बायकांच्या रुग्णालयाच्या मुख्य डॉक्टर म्हणून गेल्या. मला वाटते, त्यांच्या आयुष्याचा खरा कस येथून लागला. कोर्टात निदान चार माणसे टाळ्या वाजवावयास होती. सुरतेत तेही नव्हते.

त्या काळचे बाळंतपण कसे असे, हे आपल्या आज्या-पणज्यांकडून ऐकलेल्या भगिनी मंडळात असतील. अंधारी, बंद खोली. कोपऱ्यात धगधगणारी शेगडी. जुनेर अंथरायचे, कारण ते नंतर टाकूनच द्यायचे. हाताशी येईल त्या विळ्याने नाळ कापायची. सुईण अनुभवी असली आणि मूल सरळ असले तर सगळे पार पडे. मूल आडवे आले तर देवीला नवस बोलण्यापलीकडे घरात उपाय नसे. करमाळ्याच्या कमलाभवानीपुढे अशा वेळी किती नारळ फुटले असतील! बाळंतज्वर आणि अर्भकाचा धनुर्वात हे रोग मळलेल्या हातांतून आणि हत्यारांतून येतात, ही गोष्ट युरोपातही तेव्हा नुकतीच पटलेली. हत्यारे उकळावीत, हात जंतुनाशकाने धुवावेत, एवढ्या साध्या गोष्टीने बायका वाचत होत्या. पण त्यासाठी बाईने आधी दवाखान्यात यावयास हवे, आणि नेमके तेच होत नव्हते.

पडद्यातली बाई पुरुष डॉक्टरला तोंड दाखवीत नसे, मग पोट कोठून तपासू देणार? पडद्याआडून हात बाहेर काढायचा, डॉक्टरने नाडी पाहायची, आणि बाकीचे नवऱ्याच्या तोंडून ऐकायचे, अशी तपासणी चाले. यावर उपाय म्हणून बाई डॉक्टर आणावी, तर बायकांना तिचाही विश्वास नाही. रुग्णालय म्हणजे मरावयास जाण्याची जागा, अशी समजूत. रखमाबाई दार उघडून बसत आणि खाटा रिकाम्या राहत.

तेव्हाची एक हकीकत सांगतात. कोणी बाई बाळंतपणास येईना, म्हणून रखमाबाईंनी एक गाभण शेळी रुग्णालयात आणविली, तिची नीट शुश्रूषा केली आणि ती सुखरूप व्याली. ही बातमी मोहल्ल्यातून फिरली, आणि हळूहळू बायका येऊ लागल्या. ब्रुसेल्सची पदवी ज्यांना पटली नाही त्यांना शेळीने पटविले. काही वाचकांना या गोष्टीचे हसू येईल. मला यात रखमाबाईंचा स्वभाव दिसतो. आपल्या विद्येचा तोरा त्यांनी मिरविला नाही. समोरच्या बाईला काय कळेल आणि कशाची खात्री वाटेल, हे त्यांनी पाहिले. बोलणे कमी, काम फार.

थोड्याच दिवसांत प्लेग आला. १८९६ मध्ये मुंबईत दिसलेला हा रोग पुढच्या वर्षी गुजरातेत पसरला. आपल्या सोलापूर जिल्ह्यातही गावे ओस पडून लोक माळावर झोपड्या बांधून राहिले, हे जुन्या माणसांच्या सांगण्यात असे. सुरतेतूनही ज्याला जाता आले तो निघून गेला. रखमाबाई राहिल्या. त्यांना तेथे नातेवाईक नव्हते, घरदार नव्हते, अडकवून ठेवणारे काहीच नव्हते. रोगी होते, म्हणून त्या राहिल्या.

विसांहून अधिक वर्षे त्यांनी सुरतेत काढली. या वर्षांची कथा लांबवून सांगता येत नाही, कारण डॉक्टरच्या आयुष्यात एक दिवस दुसऱ्यासारखाच असतो : सकाळची फेरी, तपासणी, मध्यरात्रीची हाक, पुन्हा सकाळ. कोर्टाच्या निकालांच्या तारखा इतिहासात नोंदल्या जातात, सुखरूप बाळंतपणांच्या नोंदल्या जात नाहीत. ज्या बायका वाचल्या त्या घरी गेल्या आणि संसाराला लागल्या. त्यांच्यातल्या कित्येकींना आपल्या डॉक्टरीणबाईंवर कधी काळी खटला झाला होता, हे ठाऊकही नसेल.

१९०४ मध्ये दादाजी वारला. तेव्हापासून रखमाबाईंनी विधवेची पांढरी वस्त्रे धारण केली, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. ज्याला नवरा मानावयास नाकारून तुरुंग पत्करला, त्याच्यासाठी वैधव्य? या कोड्याची उत्तरे निरनिराळ्या लोकांनी निरनिराळी दिली आहेत. कोणी म्हणतात संस्कार सुटत नाहीत, कोणी म्हणतात ज्या पडद्यातल्या बायकांत वावरायचे त्यांच्या मनात किंतु राहू नये म्हणून. मला दुसरे अधिक संभवनीय वाटते, पण आग्रह नाही. माणसाच्या मनाचा सगळा हिशेब बाहेरच्याला लागत नाही. सक्तीच्या वैधव्याविरुद्ध ज्यांनी विसाव्या वर्षी लिहिले त्यांनी चाळिशीला आलेल्या वयात ते आपखुशीने घेतले, यात ‘सक्ती’ आणि ‘आपखुशी’ हे दोन शब्द मात्र सारखे नाहीत.

१९१८ मध्ये सरकारच्या स्त्रियांच्या वैद्यकीय खात्यात त्यांना जागा देऊ केली होती. मानाची जागा. ती त्यांनी घेतली नाही, आणि त्या राजकोटच्या बायकांच्या संस्थानी रुग्णालयात मुख्य डॉक्टर म्हणून गेल्या. वय त्रेपन्न. काठेवाडातला पडदा सुरतेपेक्षाही कडक. तेथे दहा-अकरा वर्षे त्यांनी काम केले, रेड क्रॉसची शाखा काढली, आणि १९२९-३० च्या सुमारास पासष्टाव्या वर्षी त्या निवृत्त होऊन मुंबईस परत आल्या.

निवृत्तीच्या सुमारास त्यांनी एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली. विषय पडदा, आणि तो का नाहीसा व्हावा. स्वतःच्या खटल्यावर त्यांनी पुस्तक लिहिले नाही. लिहिले असते तर हातोहात खपले असते. त्याऐवजी लिहिले ते पस्तीस वर्षांत ज्याच्यामुळे रोगी उशिरा आले, किंवा आलेच नाहीत, त्या पडद्यावर. कोंडलेल्या बाईला हवा नाही, ऊन नाही, आजार सांगण्याची सोय नाही. डॉक्टरच्या डोळ्याने पाहिलेली ही गोष्ट होती. याच सुमारास, १९२९ साली, शारदा कायदा मंजूर झाला आणि मुलीच्या लग्नाचे वय चौदा ठरले. रखमाबाईंचे लग्न झाले त्याला तेव्हा त्रेपन्न वर्षे लोटली होती. अठरा हे वय ठरावयास १९७८ साल उजाडावे लागले. आणि आजसुद्धा, आपल्याच भागात, परीक्षा संपण्याआधी मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होतात, हे मंडळातल्या बहुतेकींनी पाहिलेले आहे. त्याबद्दल बैठकीत बोलूच, येथे नको.

कायद्याचेही थोडे पुढचे सांगावयास हवे. नांदावयास न जाणाऱ्या बायकोला तुरुंगात टाकण्याची तरतूद आपल्याकडे १९२३ मध्ये रद्द झाली, म्हणजे विलायतेनंतर एकोणचाळीस वर्षांनी. पण नांदावयास बोलावण्याचा दावा मात्र राहिला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात तो आहे. आता तो नवरा व बायको दोघांनाही लावता येतो, एवढा फरक. १९८३ मध्ये आंध्रच्या हायकोर्टाने हे कलम घटनेविरुद्ध ठरविले, पण १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते योग्य मानले. ज्या बायकांना वकिलाची नोटीस येते त्यांना हे कलम नावाने नाही तरी अनुभवाने माहीत असते.

मराठीत रखमाबाईंचे चरित्र मोहिनी वर्दे यांनी लिहिले आहे, आणि त्यांच्यावर एक चित्रपटही २०१६ मध्ये निघाला. पुस्तक मिळाल्यास भगिनींनी अवश्य वाचावे. खटल्याची प्रकरणे झाल्यावर सुरतेची प्रकरणे सावकाश वाचावीत.

मुंबईत रखमाबाईंनी निवृत्तीची पंचवीस वर्षे काढली. जन्मल्या तेव्हा मुंबई इलाख्यात एकही स्त्री-डॉक्टर नव्हती. म्हातारपणी त्यांनी स्वराज्य पाहिले, स्त्रियांना मताचा हक्क मिळालेला पाहिला, आणि वैद्यकीय कॉलेजांत मुलींचे वर्ग भरलेले पाहिले. १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा अमलात आला आणि हिंदू स्त्रीला कायद्याने घटस्फोट मागता येऊ लागला. त्यानंतर चार महिन्यांनी, २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी डॉ. रखमाबाई मुंबईस वारल्या.